भरून कोण देणार?

भीमजयंतीनिमित्त उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत पोरांची फुटबॉल स्पर्धा होते. रेफरी पैसे देऊन आणण्याची ऐपत नाही, म्हणून शिटी आमच्याच गळ्यात असते. दोन वर्षांपूर्वी उपांत्य सामन्यात एका पोराने मारलेला गोल आम्ही ऑफसाइड म्हणून नाकारला. रात्री कुणीतरी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. गोल चोख होता. तोवर त्याचा संघ हरून घरी गेलेला. दुसऱ्या दिवशी त्याला गाठून आम्ही म्हणालो, "होतं रे असं कधी. आज विरोधात गेलं, उद्या बाजूने जाईल. शेवटी सगळं भरून निघतं."

तो म्हणाला, "सर, भरून कोन देनार?"

समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आम्हाला उत्तर सुचले नाही. मुळात ते वाक्य आमचे नव्हतेच. टीव्हीवर इंग्लंडचे सामने बघताना ते आमच्या कानात बसले होते. तिथले प्रशिक्षक आणि समालोचक वर्षानुवर्षे हेच सांगतात की रेफरीच्या चुका एका मोसमात इकडच्या तिकडे होऊन बरोबरीत येतात. ज्याची चिकित्सा केली नाही असे वाक्य आम्ही एका चौदा वर्षांच्या पोराला दिलासा म्हणून दिले. ती चिकित्सा आता उशिरा करत आहोत.

प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात आणि प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. क्षणभर गृहीत धरू की रेफरी पूर्ण निःपक्षपाती आहे आणि त्याची चूक म्हणजे नाणेफेक. नाणे ३८ वेळा उडवा. बरोबर १९ छाप आणि १९ काटा पडण्याची शक्यता आठात एक एवढीच आहे. २२-१६ किंवा त्याहून जास्त फरक दहातल्या चार वेळा पडतो. आणि संघ तर वीस आहेत, म्हणजे दरवर्षी कुणाचे ना कुणाचे पारडे चांगलेच कलणार. लोक ज्याला सरासरीचा नियम म्हणतात तो प्रमाणाबद्दल बोलतो, आणि तोही हजारो वेळा नाणे उडवल्यावर. काल तुमच्यावर अन्याय झाला म्हणून आज तुमच्या बाजूने पडायचे, असे काही नाण्याला वाटत नाही. त्याच्याकडे उधारीची वही नसते.

शिवाय सगळ्या चुकांचे वजन सारखे नसते. ४-० ने पुढे असताना फुकट मिळालेली पेनल्टी ही ०-० असताना हिरावलेल्या गोलाची भरपाई कशी होईल?

१७ जून २०२० रोजी, कोरोनाच्या विश्रांतीनंतर लीग पुन्हा सुरू झाली. पहिलाच सामना अॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड. शेफील्डच्या फ्री किकवर आलेला चेंडू व्हिलाच्या गोलरक्षकाने पकडला आणि तो चेंडूसकट गोलरेषेच्या आत गेला. घरी बसून बघणाऱ्या साऱ्या जगाला ते दिसले. पण गोल झाला की रेफरीच्या मनगटावरचे घड्याळ सिग्नल देते, तो सिग्नल आला नाही. यंत्रणेचे सातही कॅमेरे खेळाडूंनी आणि खांबाने झाकले गेले होते. नऊ हजारांहून अधिक सामन्यांत असे पहिल्यांदाच घडले, असे सांगत कंपनीने नंतर माफी मागितली. व्हिडिओ बघणारे पंचही गप्प राहिले. सामना ०-० सुटला आणि व्हिलाला एक गुण मिळाला.

मोसम संपला तेव्हा व्हिला ३५ गुणांसह सतराव्या, म्हणजे शेवटच्या सुरक्षित जागेवर होता. बोर्नमथ ३४ गुणांसह अठरावा, म्हणजे खालच्या श्रेणीत. बाकी सगळे तसेच घडून व्हिला तो सामना ०-१ हरला असता, तर दोघांचे ३४ गुण झाले असते आणि गोलफरकावर बोर्नमथ वाचला असता. कोट्यवधी पौंडांचा हा फरक. बोर्नमथला परत वर यायला २०२२ उजाडले.

आता हिशोब कुणाशी करायचा? चूक झाली ती शेफील्डच्या विरोधात. फटका बसला तो बोर्नमथला, जो त्या दिवशी मैदानावरच नव्हता. शेफील्डला पुढे एखादा फुकटचा गोल मिळालाही असेल, त्याने बोर्नमथचे काय भरले? इथे कुणी म्हणेल की बोर्नमथ ३८ सामने वाईट खेळला म्हणून बुडाला. मान्य. पण व्हिलाही जवळपास तेवढाच वाईट खेळला होता.

आतापर्यंत आम्ही रेफरीला नाणे मानले. तो नाणे नाही, माणूस आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० पात्र रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या ४७ झटापटी दाखवल्या गेल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. स्पेनच्या लीगमधल्या शेकडो सामन्यांच्या अभ्यासात दिसले की यजमान संघ एका गोलने मागे असेल तर रेफरी सुमारे चार मिनिटे जादा वेळ देतो, आणि पुढे असेल तर दोनच. कोरोनात स्टेडियम रिकामे झाले तेव्हा पाहुण्या संघाला मिळणारी पिवळी कार्डे कमी झाली. यातल्या कुठल्याही रेफरीने लाच खाल्ली नव्हती. विचारले असते तर प्रत्येकाने शपथेवर सांगितले असते की मी फक्त चेंडू बघतो. (आमच्या शिक्षणाच्या काळात लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसायचे, तोंडी परीक्षेत मात्र आधी आडनाव विचारले जायचे. तिथे बसलेले सरही फक्त उत्तर ऐकत असणार.)

ज्या चुकीला दिशा आहे ती कितीही सामने खेळलात तरी बरोबरीत येत नाही, उलट साठत जाते.

एक गोष्ट मात्र आम्हाला प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. लीगमध्ये प्रेक्षकांच्या आवाजाचा हा कल बराचसा फिटतो, कारण प्रत्येक संघ १९ सामने घरी आणि १९ बाहेर खेळतो. पण तो आपोआप फिटत नाही. कुणीतरी कागदावर तसे वेळापत्रक आखले म्हणून फिटतो. जे आखलेले नाही ते तसेच राहते. बोर्नमथच्या मैदानात २०२० साली अकरा हजार माणसे मावत होती, मोठ्या क्लबांच्या मैदानात साठ-सत्तर हजार. हा फरक कुठले वेळापत्रक मिटवणार?

हे सगळे वाचल्यावर आम्ही आमचे जुने सामने आठवून पाहिले. आमच्या मैदानाला लागूनच जी गल्ली आहे, तिथली पोरे आणि त्यांचे मोठे भाऊ रेषेवर उभे राहून ओरडतात. ती मागे असली की आमची शिटी उशिरा वाजायची. घड्याळ आमच्याच हातात, विचारणार कोण? आणि ज्या पोराचा गोल आम्ही नाकारला तो नाल्यापलीकडचा. त्याच्या संघाकडून ओरडायला त्या दिवशी तिघेच आले होते. तो हात आम्ही उगाच वर केला होता का, हे आज आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही नियम बदलले. उपांत्य फेरीत दोन सामने, एक इकडच्या मैदानावर, एक नाल्यापलीकडे. जादा वेळ किती ते आधी मोठ्याने सांगायचे आणि मोबाइलचे घड्याळ न खेळणाऱ्या संघाच्या एकाकडे द्यायचे. नाकारलेला गोल अर्थातच परत आला नाही. त्याचा संघ या वेळी पहिल्याच फेरीत हरला, तेही रीतसर.

अंतिम सामन्यात घड्याळ त्याच्याकडे होते. आम्ही तीन मिनिटे जाहीर केली. गल्लीतला संघ एका गोलने मागे होता आणि रेषेवरून नेहमीचा आरडाओरडा सुरू झाला, "अजून आहे सर, अजून आहे!" आम्ही त्याच्याकडे पाहिले. त्याने काही न बोलता मोबाइलचा पडदा आमच्याकडे वळवला. आम्ही शिटी वाजवली.