मेलेली ओळ

सरकारी कागदावरून माणूस सहजासहजी जात नाही, हे भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मालगुजारी 1951 साली गेली. पण तलाव अजून 'माजी मालगुजारी', लाडाने 'मामा तलाव'च! आमच्या सातबाऱ्यावर आजोबाही असेच मुक्काम ठोकून होते. एप्रिल 2025 मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, मयतांच्या जागी वारसांची नावे लावायची ठरली, तेव्हा कुठे त्यांना हलवायची वेळ आली.

पावसाळ्यात पुण्याचा भाचा आला. डेटाबेस सांभाळणे हा त्याचा धंदा.

"मामाजी, आमच्याकडेही हेच," तो म्हणाला. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये म्हणे ओळ बदलली की जुनी पुसत नाहीत, नवी वेगळी लिहितात. आधीपासून वाचत बसलेल्याला जुनीच दिसते. सगळ्यांचे वाचून झाले, की 'व्हॅक्यूम' नावाचा झाडूवाला मेलेल्या ओळींची जागा मोकळी करतो.

"आणि मधेच लाइन गेली तर?" भंडाऱ्याचा माणूस दुसरे काय विचारणार!

"बदल आधी रोजनाम्यात पक्का उतरलेला असतो. लाइन आली की शेवटच्या खुणेपासून रोजनामा वाचायचा आणि सगळे पुन्हा मांडायचे. दूरगावच्या प्रतीही त्याच रोजनाम्यावर चालतात."

म्हणजे आमचा गाव नमुना सहाच की! फेरफार आधी त्यात, मग सातबाऱ्यावर. तलाठ्यांना हे संगणकाच्या आधीपासून ठाऊक!

"घोळ एकच," भाचा म्हणाला. "दूरच्या प्रतीवर कोणी जुनी ओळ वाचत बसला, तर थोडी वाट पाहून त्याला उठवतात. नाहीतर तो मूळ गावी कळवतो, 'थांबा, झाडू नका.' मग तिकडे कचरा साठत जातो."

आमची दूरची प्रत तुमसरला. आत्याबाई, वय चौऱ्याऐंशी. नव्या उताऱ्यावर वारस म्हणून त्यांचेही नाव लागले होते. मी मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "आणि बाबा?"

मी गप्प. झाडू मारण्याचा पगार घेणारा भाचाच पुढे सरकला. "आजी, ते फेरफारात आहेत. तिथून कोणी काढत नाही."

"मग ठीक," आत्याबाई म्हणाल्या. "बाबांच्या बांधीत रोवणी झाली का?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "झाली."