धर्मापुरीची कोरांटी

परळी वैजनाथास दर्शनाला जाणारे पुष्कळ; तेथून वाट वाकडी करून धर्मापुरीस जाणारे थोडे. वस्तुतः तेथील केदारेश्वराचें देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचें असून बाह्य भिंतींवरील सुरसुंदरी पाहण्यास एक दिवस अपुरा पडावा. गांवास जुना किल्लाही आहे. परंतु तीन वर्षांपूर्वीं आषाढांत आम्ही गेलों तें देवळासाठीं नव्हे. कोरांटीच्या चार काड्या आणण्यासाठीं गेलों, हें आधींच सांगितलेलें बरें.

धर्मापुरी हें आमच्या कुटुंबाचें माहेर. लग्नानंतर ती अंबाजोगाईस आली ती तेथली कोरांटी घेऊनच. कार्तिकापासून पुढें थंडीभर देवपूजेचीं पिवळीं फुलें त्या एका झुडपानें पुरविलीं. अमरकोशांतली झिण्टी तांबड्या फुलांची असली म्हणजे कुरबक आणि पिवळ्या फुलांची असली म्हणजे कुरण्टक, हें आम्ही शाळेंत मुलांस मोठ्या हौसेनें सांगत असूं. एके दिवशीं तिनें परडी पुढें करून विचारिलें, "अहो, तो तुमचा कुरण्टक म्हणजे हीच ना?" हीच होती. आम्हीं ती तोंवर कधीं नीट पाहिलीच नव्हती.

ती गेली आणि झुडपाची निगा आमच्याकडे आली. निगा म्हणजे पाणी, एवढीच आमची समजूत. दोन्ही वेळां तांब्यांमागून तांबे ओतले. पानें पिवळीं पडलीं, तेव्हां पाणी कमी पडतें असें वाटून आणखी घातलें. मुळें कुजलीं. तिच्या हातचें झाड आम्हीं वर्षाच्या आंत घालविलें.

धर्मापुरीस पोंचलों तों तेथेंही कुंपण काढून पक्की भिंत घालण्याचें काम चाललेलें. अर्धी कोरांटी उपटून उन्हांत टाकलेली होती. आम्ही घाईनें हात घातला व रक्तबंबाळ करून घेतला. पानांच्या बेचक्यांत चार चार कांटे एकत्र असतात, ते दिसण्यापूर्वीं बोचतात. भाच्याची बायको धांवत आली. "आतोबा, राहूं द्या, मी कापून देतें," म्हणाली. आणि विळ्यानें पांच काड्या तिनें काढून दिल्या. आत्याबाईंची कोरांटी कोणती हें तिला सांगावें लागलें नाहीं.

आतां लागवडीविषयीं. काडी फार कोंवळी नको, अगदीं लांकूड झालेलीही नको. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब असावी. खालचीं पानें व कांटे काढून दोन पेरीं मातींत जातील अशी ती सांवलींत लावावी. आमच्याकडची काळी जमीन पाणी धरून ठेवते, हाच खरा शत्रु. म्हणून मातींत वाळू किंवा मुरूम मिसळून उंचवटा करावा. झाड एकदां धरलें म्हणजे उन्हांत न्यावें, आणि माती वरून वाळल्याशिवाय पाणी घालूं नये. फुलांचा बहर संपला कीं छाटणी करावी. नव्या फुटव्यांवर फुलें अधिक येतात. न छाटल्यास झुडूप खालून उघडें पडतें. शेंगेंत दोन दोन बिया असतात. शेंग वाळून तडकली म्हणजे त्या दूर उडतात व भलत्याच जागीं रोपें उगवतात. शोभेसाठीं ऑस्ट्रेलियांत नेलेली ही कोरांटी तेथल्या उत्तर भागांत तण ठरली आहे. लिनिअसनें १७५३ सालीं तिला जें नांव दिलें, त्यांतील 'प्रायोनायटिस' या शब्दाचा संबंध करवतीशीं आहे. हिरड्या व दांत दुखल्यास पानें चावण्याची जुनी रीत आहे. वज्रदंती हें नांव त्यावरूनच पडलें.

पांचांपैकीं दोन काड्या जगल्या. एक परसांत त्याच जागीं लाविली. मात्र जुनी माती काढून टाकली. पाण्याचा तांब्या नातीच्या स्वाधीन केला आहे, कारण आमचा हात अद्याप आवरत नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत तिला सात फुलें आलीं. दुसरें रोप धर्मापुरीस परत पाठविलें, कारण तेथें भिंत पुरी झाली आणि झुडूप एकही उरलें नाहीं. तें नळाजवळ लाविल्याचें कळलें आहे. तेथून ताबडतोब हलवावें म्हणून आम्हीं काल पत्र टाकलें.