बाबांचा मंगळवार

जानेवारीतही गार पाण्यानेच आंघोळ करायची बाबांची जुनी सवय. भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये पाळीची नोकरी होती तेव्हापासूनची. त्या मंगळवारी ते आंघोळ करून आले आणि आईला म्हणाले, ‘अगं, आज वार कोणता?’ तिने सांगितलं. गंध लावताना पुन्हा तेच. चहाचा कप हातात घेतल्यावर पुन्हा तेच. आईने मला हाक मारली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

मला त्यांनी ओळखलं. कामाच्या बाईशी नेहमीसारखे छत्तीसगढीत बोलले. नागपूरच्या आत्याचा फोन नंबर घडाघडा म्हणून दाखवला. तोंड वाकडं नाही, हात लुळा नाही. फक्त आता सांगितलेलं दोन मिनिटांत नाहीसं व्हायचं. ‘तू आज ड्यूटीवर नाही गेलास?’ हे वैशाली नगरातून निघून दवाखान्यात पोचेपर्यंत ते विचारत राहिले. मला उत्तर देणं जड जाऊ लागलं. आई मात्र दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी उत्तर देत होती.

आम्हाला लकव्याची धास्ती. एमआरआय स्वच्छ आला. दुपार कलताना प्रश्नही थांबले. तरी डॉक्टरांनी दोन दिवसांनी पुन्हा एमआरआय काढायला सांगितला, तेव्हा काका पुटपुटले, ‘बिल वाढवायचे धंदे.’ पण दुसऱ्या फिल्मवर, मेंदूतल्या डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये, तीळभर पांढरा ठिपका होता. या तात्पुरत्या विस्मरणात तो पहिल्या काही तासांत बहुधा दिसतच नाही. एक ते तीन दिवसांनी उमटतो आणि पुढे विरूनही जातो.

ठिपका होता तो हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ नावाच्या पट्ट्यात. नुकतं घडलेलं टिकाऊ आठवण व्हायचं तर ते या पट्ट्यातून पुढे जावं लागतं. आणि नेमका हाच पट्टा फार नाजूक. रक्तपुरवठा तुटला की शेजारच्या पेशी तग धरतात, इथल्या मरतात, त्याही लगेच नाही. जपानच्या किरिनो यांनी १९८२ मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात दाखवलं, की पाच मिनिटं रक्त अडवलं तर सीए-१च्या पेशी दोन-चार दिवसांनी मरतात. अमेरिकेतल्या एका रुग्णाची हकीकत १९८६ मध्ये छापून आली. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, ५२व्या वर्षी, मेंदूचं रक्त कमी पडलं आणि नवी आठवण धरण्याची त्याची शक्ती गेली. बुद्धी शाबूत. पुढे पाच वर्षं तो तसाच जगला. मृत्यूनंतर मेंदू तपासला, तर मुख्य इजा दोन्ही बाजूंच्या सीए-१मध्येच सापडली.

बाबांच्या पेशी मेल्या नाहीत, काही तास गोंधळल्या, एवढंच. हे का होतं ते पुरतं उलगडलेलं नाही. गार पाणी, जोराचे श्रम किंवा मनाला बसलेला धक्का यांनंतर होतं, असं पुष्कळदा दिसलंय. पुन्हा होण्याची शक्यता कमी, असं डॉक्टर म्हणाले. आईने तरी गीझर बसवून घेतला.

ती सकाळ बाबांना कधीच आठवणार नाही, कारण ती नोंदलीच गेली नाही. हे त्यांना पटत नाही. सुरुवातीला ते आईला खोदून खोदून विचारायचे. आता पाहुण्यांना स्वतःच सगळं रंगवून सांगतात, सुपेल्याच्या चौकातल्या गर्दीसकट. आई मध्येच म्हणते, ‘अहो, त्या रस्त्याने आपण गेलोच नव्हतो.’