सांदीकोपरे

आजी अंगण झाडायची तेव्हा तिची केरसुणी मोकळ्या जागेत रेंगाळत नसे. उंबऱ्याची फट, तुळशीवृंदावनाचा पायथा, वायनामागची सांद, तिचा जीव तिथे. ‘मधलं काय, वाऱ्यानंही झाडून निघतं,’ म्हणायची.

हीच आजी पहाटे मोरीवर बसून बोटाने राखुंडी लावायची, खळखळून चूळ भरायची. दात लखलखायचे. पण दोन दातांमधल्या सांदीत बोट शिरणार कसं? साठीच्या आत एकेक दाढ हलत गेली. रात्री वाटीतल्या पाण्यात ठेवलेली तिची कवळी अजून डोळ्यांसमोर येते.

चाळिशीत माझ्याही हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या हातात आरसा दिला. ब्रश मऊ हवा, तिरपा धरून तो दात आणि हिरडी भेटतात तिथे टेकवायचा आणि 2 मिनिटं हलक्या हाताने फिरवायचा. जोर लावला, तर हिरडीच मागे सरते. मग त्यांनी 45 सेंटीमीटर दोरा तोडला, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळला. सांदीत तो हळूच मागेपुढे करत उतरवायचा, दाताला कवेत घेऊन वर पुसून आणायचा. मग त्याच सांदीतल्या शेजारच्या दाताला. तिथला चिकट थर तसाच राहिला, तर लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो आणि मग तो ब्रशला दाद देत नाही.

सुरुवातीला दोरा लाल होऊन यायचा. नेट धरला. आठवड्याभरात तो स्वच्छ येऊ लागला.

रात्रीचं घासणं आता मी चुकवत नाही. झोपेत लाळ कमी होते, दातांची राखण करणारं कुणी उरत नाही. आणि दाताचं वरचं कवच एकदा गेलं, की पुन्हा उगवत नाही.

आजी केळीच्या सोपाने अबोलीचे वळेसर करायची. सोप बोटांवर ताणून, एकाही पाकळीला न दुखवता दोन फुलांमधून ओवायची. रात्री आरशासमोर बोटांना दोरा गुंडाळताना मला तिची ती बोटं आठवतात. कोपऱ्यांची एवढी माया असलेल्या त्या बोटांना हे काम किती सहज जमलं असतं! तिच्या हाती हा दोरा कुणी दिलाच नाही.