जवळचे हॉटेल

परगावी जेवायची जागा आपण निवडतो असे वाटते खरे, पण बहुतेक वेळा ती हातातले घड्याळ आणि सोबतचे म्हातारे माणूस ठरवते. दवाखान्यासमोरच्या आणि स्टेशन रोडवरच्या हॉटेलांना गिऱ्हाईक मिळते ते असेच.

मागच्या महिन्यात अब्बांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही औरंगाबादला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. डोळा धुळीपासून जपा, असे डॉक्टरांनी बजावले होते आणि परतीची गाडी साडेचारला होती. समोरच एक एसी फॅमिली रेस्टॉरंट दिसले. दारावर हलालची पाटी, आत गारवा, बसायला मऊ सोफे. सोय सगळी होती.

मेनूत ‘स्पेशल नान खलिया’ ऐकून अब्बा खुलले. तरुणपणी ते याच शहरात शिकले. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा लष्करासाठी हा खाना सुरू झाला, असे इथे सांगतात. हळदीच्या पिवळ्या रंगाचा मऊ नान आणि मोठ्या देगेत तासन्‌तास शिजलेले मटण. लग्नाच्या दावतीत हे वाढले की पंगतीत बोलणे थांबते.

दहा मिनिटांत ताट आले. नान म्हणजे बटर लावलेला साधा तंदुरी नान. खलिया म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या चिकनला होता तोच लाल रस्सा, त्यात वेगळे उकडून टाकलेले मटणाचे तुकडे. आमच्या धाकटीने विचारले, “दादाजान, हेच का ते?”

अब्बा म्हणाले, “खाने को नांव नक्को रखो बेटा. रिझ्क है.” आणि त्यांनी ताट पुसून खाल्ले.

अन्नाला नावे ठेवायची नाहीत, ही शिकवण आमच्या घरात सगळेच पाळतात. आम्हीही ताटात काही टाकले नाही. पण जो पदार्थ केलाच नाही त्याच्या नावाने पैसे घेणे, हा चवीचा नव्हे, व्यवहाराचा प्रश्न आहे. म्हणून अब्बांना हात धुवायला पाठवून आम्ही काउंटरवर गेलो.

बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज होता आणि त्या रकमेवरही पाच टक्के जीएसटी. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. आवाज न चढवता आम्ही एवढेच सांगितले. मॅनेजरने मुकाट्याने नवे बिल काढले. ताट पुसणाऱ्या पोराच्या हातात आम्ही वेगळे पैसे ठेवले. खलिया त्याने थोडाच केला होता?

मग खलियाचा विषय काढला. मॅनेजर हसून म्हणाला, “साहेब, इथे रोज नवे गिऱ्हाईक असते.”

खरी निराशा या वाक्याने केली. दवाखान्यासमोर येणारा माणूस चिंतेत असतो, घाईत असतो आणि पुन्हा येणार नसतो. असा माणूस काहींना मेहमान वाटतो, काहींना फक्त आजचा गल्ला. दारावर हलालची पाटी लावणाऱ्याने तरी हा फरक विसरू नये. मटण हलाल असून भागत नाही, कमाईही तशी हवी.

वाचकांनी एवढे करावे. बसण्याआधी विचारावे की आज ताजे काय शिजले आहे. बिल ओळ न् ओळ वाचावे. सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आपण गप्प राहिलो, तर उद्या त्याच खुर्चीवर बसणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या अब्बांना तेच वाढले जाईल.

पुढच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. त्या दिवशी आमच्यातला एक जण सकाळीच रिक्षाने जुन्या शहरात जाईल आणि भट्टीवरचा नान, देगेतला खलिया डब्यात भरून आणेल. अब्बांना अजून सांगितलेले नाही.