आईची डबी

मागच्या डिसेंबरात सुट्टी काढून गावी गेले होते. गाव आष्टी. बीडची नाही, वर्ध्याचीही नाही; जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. पुण्यात कुणालाही गाव सांगितलं की एवढा खुलासा करावाच लागतो. बाजारगल्लीत आईचं बांगड्या-टिकल्यांचं छोटं दुकान आहे. रात्री जेवणं झाली, भांडी घासून झाली, तेव्हा तिने फडताळातून एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा, दोन्ही टोकांना पावडरच्या डब्यांची कापून बसवलेली टोपणं, मधे एक कडं.

"बघ बरं. याचं पेटंट भेटंल का?"

मी ती वर-खाली करून पाहिली. एका बाजूला मेण, दुसऱ्या बाजूला कुंकू. मला हसूच आलं.

"अगं आई, ही तर बाबांची तंबाखूची डबी! एकीकडे तंबाखू, एकीकडे चुना. तू फक्त आतला माल बदललास. यात काय एवढं?"

आई काही बोलली नाही. डबी परत घेतली, पदराने पुसली आणि फडताळात ठेवून दिली. बाबा म्हणाले, "झालं. विंजिनेरनं निकाल दिला."

दुसऱ्या दिवशी कळलं की हा निकाल फुकटचा नव्हता. आईने मोबाईलवर कुठलीशी जाहिरात पाहून एका एजंटाला फोन केला होता. त्याने डबी न बघताच "शंभर टक्के पेटंट मिळेल" असं सांगून ४५ हजार मागितले होते. भिशीचे पैसे त्यासाठीच बाजूला ठेवलेले. शिवाय संक्रांत तीन आठवड्यांवर आलेली. यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून हीच डबी द्यायची, असं तिच्या मनात होतं. म्हणजे तीन आठवड्यांत ठरवायचं होतं: डबी लपवायची की वाटायची? कारण आपल्या कायद्यात अर्ज करण्याआधी वस्तू लोकांपुढे आली की ती 'नवी' उरत नाही. काही अपवाद आहेत, पण हळदीकुंकू त्यात बसत नाही.

ज्यांच्या घरी फक्त टिकली आहे त्यांच्यासाठी सांगते. कोरडं कुंकू कपाळावर टिकत नाही. आधी मेणाचा ठिपका लावायचा, त्यावर कुंकू दाबायचं. म्हणून जुन्या फणीकरंड्याच्या पेटीत आरसा आणि फणीबरोबर मेण आणि कुंकू यांच्या वेगळ्या डब्या असत. टिकली आली आणि ही पेटी माळ्यावर गेली. पण आईच्या दुकानात अजूनही मेण मागणाऱ्या बायका येतात. त्यांची तक्रार एकच: एसटीत पिशवी कलंडली की कुंकू सांडतं, मेणात पडतं, लुगड्याला लागतं. आई ही तक्रार वीस वर्षं ऐकत होती.

मी लॅपटॉप उघडला. भारताचा पेटंट कायदा १९७० चा. त्यातलं कलम २(१)(जेए) सांगतं, की शोधात आधीच्या ज्ञानाच्या मानाने तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही. आणि त्या विषयातल्या जाणकाराला तो उघड वाटणारा नसावा. कलम ३(एफ) म्हणतं, की आधीपासून माहीत असलेल्या आणि आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तूंची नुसती मांडामांड म्हणजे शोध नव्हे. मला वाटलं, संपलं. तंबाखूची डबी माहीत आहे, फिरवून भोकं उघडायचं पावडरच्या डब्याचं टोपण माहीत आहे. दोन्ही जोडलं. ३(एफ).

माझ्या बाजूने निकालही सापडले. पहिला मिर्झापूरचा, भांड्यांचा. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने भांडं लेथवर घट्ट धरून घासण्या-पॉलिश करण्याच्या साधनाचं पेटंट घेतलं होतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या पेढीशी खटला चालू झाला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने पेटंट रद्द ठरवलं. लेथवर भांडं धरायची पद्धत जुनीच होती, तिच्यात केलेला बदल हा कारखान्यातल्या कारागिराच्या हातून सहज होणारा बदल आहे, असं म्हटलं. आजही आपल्याकडे 'उघड आहे की नाही' हा वाद निघाला की हा निकाल काढला जातो.

दुसरा हिमाचलचा. तिथे पाठीवर माल वाहायची बांबूची टोपली असते, किलटा. धनपत सेठ यांनी प्लास्टिकच्या तशा टोपलीचं पेटंट घेतलं आणि मुंबईच्या नीलकमल कंपनीवर नक्कल केल्याचा दावा लावला. हिमाचल उच्च न्यायालयाने २००७ मध्ये कंपनीला मनाई करायला नकार दिला. बांबूच्या जागी प्लास्टिक आलं म्हणून टोपली नवी होत नाही, असा त्याचा मथितार्थ.

तिसरा अमेरिकेचा, आणि तो तर थेट सांडण्याबद्दलचाच. कीटकनाशकाच्या बाटलीवर फवारा बसवून पाठवला की वाटेत गळायचं. बॅक्स्टर स्कॉगिन नावाच्या माणसाने गळणार नाही असं झाकण बसवलं आणि पेटंट मिळवलं. १९६६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कारण तशी घट्ट बसणारी कडा आधीच दुसऱ्या एका पेटंटात होती, ओतायच्या तोटीसाठी. स्कॉगिनच्या बाजूचे म्हणाले, तोटीचा धंदा वेगळा, आमचा वेगळा. न्यायालय म्हणालं, प्रश्न तर झाकणाचाच आहे ना? मग शेजारच्या धंद्यात डोकावायला हवं होतं. मी वाचताना मनात म्हटलं, तंबाखू आणि कुंकू. तंतोतंत.

हे सगळं आईला समजेल अशा भाषेत सांगायचं म्हणून मी डबी पुन्हा मागितली. आई म्हणाली, "आधी मेण लावून दाखव." मी मेणाचं झाकण उघडायला गेले. उघडेना. जोर लावला तर आई ओरडली, "अगं मोडशील! कडं फिरव."

मधलं कडं डावीकडे फिरवलं, तेव्हा मेणाचं झाकण सुटलं. उजवीकडे फिरवलं, तर मेण बंद झालं आणि दुसऱ्या टोकाची कुंकवाची भोकं उघडली. दोन्ही एकदम उघडायचा मी दहा वेळा प्रयत्न केला. जमलं नाही. जमूच नये, अशीच तिने ती केली होती.

"मेण लावताना डबी सरळ धरतात ना," आई म्हणाली, "तवा कुंकवाची बाजू खाली ऱ्हाती. भोकं उघडी राहिली तर सगळं मांडीवर. बायका घाईत असतात. त्यांनी ध्यानात ठेवायचं म्हणलं तर कोण ठेवतंय? डबीनंच ध्यानात ठेवावं."

आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा दोन कामांनी एकाच वेळी एकाच जागी हात घालू नये म्हणून एक कुलूप लावतो. त्याला म्युटेक्स म्हणतात. मी ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकले, आणि मुलाखतीत त्याची व्याख्या घडाघडा म्हणून नोकरी मिळवली. तेच कुलूप पाइपच्या तुकड्यात माझ्या हातात होतं आणि मी ते फिरवूनही न बघता निकाल दिला होता.

तंबाखूच्या डबीत हे नाही. तिथे दोन झाकणं एकमेकांना ओळखत नाहीत. इथे एक बाजू उघडणं म्हणजेच दुसरी बंद होणं. म्हणजे दोन भाग 'आपापलं काम स्वतंत्रपणे' करत नव्हते. माझं ३(एफ) तिथेच लंगडं पडलं.

मग मी उलट्या बाजूचं वाचायला लागले. अमेरिकेतच १९९९ मध्ये भोपळ्याचा एक खटला झाला. नारिंगी रंगाची कचऱ्याची प्लास्टिक पिशवी, तिच्यावर भोपळ्याचा चेहरा. पालापाचोळा भरला की अंगणात मोठा भोपळा दिसतो. पेटंट कार्यालय म्हणालं, मुलांच्या हस्तकलेच्या पुस्तकांत कागदी पिशवीचे भोपळे आहेत, कचऱ्याच्या पिशव्याही आहेत, दोन्ही जोडणं उघड आहे. अपील न्यायालयाने ते मानलं नाही. दोन्ही वस्तू आधी होत्या हे खरं, पण त्या जोडाव्यात असं आधी कुणाला का वाटलं असतं, ते दाखवा. नाहीतर हे मागाहूनचं शहाणपण आहे, असा त्याचा रोख होता. पुढे २००७ मध्ये गाडीच्या पेडलवरच्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी सैल केली. साध्या व्यवहारज्ञानालाही जागा आहे, म्हटलं. म्हणजे काटा आजही हलताच आहे.

पण मला लागलं ते 'मागाहूनचं शहाणपण'. बाबांची डबी आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. कुंकू सांडायची तक्रारही तेवढीच जुनी. मी दोन्ही बघत मोठी झाले. मला सुचलं नाही. तिने दाखवल्यावर मात्र मला लगेच बाबांची डबी दिसली, आणि आधीपासूनच दिसत होती असं वाटलं.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. माझ्या ऑफिसात पेटंटचा अर्ज केला की बक्षीस मिळतं. एका अर्जावर चौघांबरोबर माझंही नाव आहे. मोबाईलवर सूचना कधी दाखवायची आणि कधी थांबवायची, याबद्दलचा तो अर्ज. त्यात काय नवं आहे हे सांगायला वकिलाने आमच्याबरोबर तीन बैठका घेतल्या. त्या तीन बैठकांत मी एकदाही म्हटलं नाही, "यात काय एवढं?" ते वाक्य मी आष्टीतल्या स्वयंपाकघरासाठी राखून ठेवलं होतं.

कायद्यातला 'जाणकार' कोण, हाही प्रश्न मी चुकीचा सोडवला होता. जाणकार म्हणजे मी, पदवीवाली, असं गृहीत धरलं. खरं तर कुंकवाच्या डबीतला जाणकार म्हणजे डब्या बनवणारा आणि विकणारा साधा कारागीर, ज्याला धंद्यातलं सगळं ठाऊक आहे पण ज्याची प्रतिभा बेताची आहे. त्याच्यापुढे सांडण्याचा प्रश्न आणि जुन्या डब्या ठेवल्या, तर तो या कड्यापर्यंत आपोआप पोचला असता का? एवढंच विचारायचं असतं. सुचल्यावर सोपं वाटतं का, असं नाही.

मग चार रात्री शोधाशोध केली. पेटंटांच्या जागतिक वर्गवारीत पावडरीच्या प्रसाधन-डब्यांना स्वतंत्र घर आहे: ए४५डी ३३. तिथे फिरत्या जाळीचे डबे सापडले, दोन तोंडांच्या डब्याही सापडल्या. एक उघडलं की दुसरं बंद, असं कडं असलेली कुंकवासारखी डबी मला सापडली नाही. पण एक उघडलं की दुसरं बंद ही कल्पना इतर यंत्रांत जुनीच आहे. प्रेशर कुकरसुद्धा आत वाफ कोंडलेली असताना झाकण उघडू देत नाही. तपासणारा अधिकारी स्कॉगिनचा निकाल काढून म्हणू शकतो, शेजारच्या धंद्यात बघा. त्याला उत्तर देता येईल, पण ते उत्तर जिंकेलच असं नाही.

हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. शंभर टक्के म्हणणारा खोटं बोलतोय, आणि मीही त्या रात्री चुकीचं बोलले. दोन तोंडांच्या डबीचं पेटंट मिळणार नाही. मागायचं तर फक्त कड्याचं मागायचं. मिळण्याची आशा निम्मी धर. डबीच्या आकाराची वेगळी 'डिझाइन' नोंदणी करता येते, पण तिने दिसणं राखलं जातं, कड्याची युक्ती नाही.

"निम्मी म्हणजे लै झाली," आई म्हणाली. "अन् वाणाचं काय?"

त्याला वाट होती. आधी प्रोव्हिजनल अर्ज करायचा. एकट्या माणसाला ऑनलाइन भरल्यास त्याची सरकारी फी १६०० रुपये. पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात, आणि जे अर्जात नीट लिहिलंय ते मधल्या काळात वाटल्याने बुडत नाही. डिजिटल सही काढण्यात दोन दिवस गेले. अर्ज मी लिहिला, कड्याची चित्रं आईने काढली, शाळेच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातात. पोचपावतीवर 'शोधक' या रकान्यात आईचं नाव आलं. तिने ते दोनदा वाचलं. भिशीचे ४५ हजार जागेवर राहिले.

वाणाच्या एकवीस डब्या पुण्याच्या एका मित्राच्या थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतल्या. अर्जाचा नंबर आल्यावरच त्याला फाईल पाठवली. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी बायका ओसरीत बसून कडी फिरवत होत्या. डावीकडे मेण, उजवीकडे कुंकू. दोन्ही एकदम उघडायचा प्रयत्न सगळ्यांनीच करून पाहिला. गल्लीतल्या एक आजी डबी डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "त्यात काय, हे तर कुणालाबी सुचलं असतं."

आई हसली. तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवत म्हणाली, "व्हय की, मावशी."

पूर्ण अर्ज द्यायला अजून सात महिने आहेत. मी दर रविवारी ए४५डी ३३ मधल्या दहा-वीस डब्या वाचते. प्रत्येक डबी वाचताना पहिल्या ओळीतच वाटतं, यात काय एवढं. मग चित्र नीट बघते, आणि आधी कडं कुठे आहे ते शोधते.