जे-ओ-डब्ल्यू-ए-आर!

अहो, थांबा! हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा! ज्वारी इंग्रजी डिक्शनरीत आहे! आपली ज्वारी! जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, जोवार! मला रात्री झोप नाही!

दिवाळीला भाची पुण्याहून परभणीला आली, ती स्क्रॅबलचा डबा घेऊनच. मी या खेळाचं नुसतं नाव ऐकलेलं. इंग्रजी माझं कामापुरतं, शब्दकोडी वगैरे कधी सोडवली नाहीत. पण पट उघडला आणि मी खाली मांडीच घातली! पंधरा बाय पंधरा घरं, १०० सोंगट्या, त्यातल्या दोन कोऱ्या, बाकी प्रत्येकीवर एक अक्षर आणि कोपऱ्यात इवलासा आकडा, त्याचे गुण. सात सोंगट्या उचलायच्या, शब्द जुळवायचा, आणि पहिला शब्द मधल्या चांदणीवरून गेलाच पाहिजे.

मला आले जे, ओ, डब्ल्यू, ए, आर आणि दोन ई. "मामा, जॉ लावा, जबडा!" भाची म्हणाली. पण मला जबडा दिसेचना, मला धाटं दिसायला लागली! मी म्हटलं, अगं हे जोवार होतंय! ती म्हणाली, मामा, ते आपलं झालं, इथं इंग्रजी लागतं, आणि मग तिनं मोबाइलवर कॉलिन्सची यादी उघडली, स्क्रॅबलच्या जागतिक स्पर्धेत चालते तीच, आणि मग ती एवढ्यांदा ओरडली की स्वयंपाकघरातून माय धावत आली. आहे! चालतं!

आता गुण बघा! जे आला दुप्पट अक्षराच्या घरात, आर आला चांदणीवर, चांदणीनं अख्खा शब्द दुप्पट, आणि झाले ४६! पहिल्याच डावात!

पण खरी गंमत पुढंच. भाचीनं चांदणीच्या शेजारच्या उभ्या रांगेत आर, ए, बी लावले आणि शेवटचा आय आणून माझ्या जोवारच्या शेपटाला टेकवला. आडवं वाचा: जोवारी! उभं वाचा: रबी! दोन्ही यादीत आहेत! रब्बी ज्वारी हो, रब्बी ज्वारी! तिला २५ गुण मिळाले, आणि मी हरतोय की जिंकतोय याचं मला भानच उरलं नाही.

आणि मग खेळ राहिला बाजूला, आम्ही यादीच धुंडाळत बसलो. खरीफ आहे! बाजरा आहे, बाजरी आहे! ओवा आहे, अजवान म्हणून! तीळ आहे! उडीद आहे, यू-आर-डी, तीनच अक्षरं! डाळ तर चारचार स्पेलिंगांनी! लाख आहे, कोटी क्रोर म्हणून आहे, आणि तहसीलदार आहे, सबंध नऊ अक्षरांचा तहसीलदार! आणि रेगूर! शाळेत भूगोलात पाठ केलेली रेगूर मृदा आठवते? तीच! पावसात बुटांना किलोकिलोनं चिकटणारी आपली काळी जमीन!

आणि मुंगूस! मोंगूस हा शब्द इंग्रजांनी मराठीतूनच उचललाय! आठ अक्षरं लागतात, म्हणजे हातातल्या सातही सोंगट्या पटावरच्या एका अक्षराला जोडून लावल्या तर वर ५० गुण बक्षीस! बांधावरून पळणाऱ्या मुंगसाला!

हा खेळ काढला आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन माणसानं, १९३० च्या दशकातल्या मंदीत. आर्किटेक्ट होता, काम सुटलेलं. त्यानं वर्तमानपत्रं पुढं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून गुण ठरवले. जे इंग्रजीत दुर्मीळ, म्हणून त्याची सोंगटी एकच आणि गुण ८! आणि आपल्याकडे? ज्वारी, जात्यावरची जनाबाई, जिंतूर, जावई! ज शिवाय आपलं पान हलत नाही! जनाबाई आणि जिंतूर खेळात चालत नाहीत हं, विशेषनामं बाद. परभणीही बाद. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो आपण, पण इथं जर्मनीही बाद, मग जरा बरं वाटलं.

भाची सांगत होती, मोठे खेळाडू अर्थ माहीत नसताना हजारो शब्द पाठ करतात. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, फ्रेंच बोलता येत नसताना! म्हणजे बघा, कुठंतरी कुणीतरी जोवार लावून गुण घेतले असतील, आणि तव्यावर टम्म फुगलेली भाकरी त्यानं कधी पाहिलीच नसेल! त्याला परभणीला बोलवावं, हुरड्याच्या दिवसांत, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

माय अजून पटाजवळच उभी होती. तिला इंग्रजी येत नाही. "काय लिवलंय रं?"

"ज्वारी."

"आन् हे उभं?"

"रब्बी."

तिनं वाकून आर-ए-बी-आयवरून बोट फिरवलं, वरून खाली, तिफणीच्या तासावरून फिरवावं तसं.

"मालदांडी हाय का परभणी मोती?"